लाँग रेंज रेडिओच्या नावाखाली आम्हाला साफ गंडवलं, बोटवाल्यांनी जरूर वाचा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मोठं झालंय, पण ज्यांची सेलबोट आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी निदान एमएमएसआय नंबरचा (म्हणजे रेडिओवरून बोट ओळखायच्या नंबरचा) भाग तरी नीट वाचा, कारण पैशांचं एक वेळ सोडून देता येईल, ते सोडून देता येणार नाही.

आम्ही मेरीलँडला, ॲनापोलिसजवळ राहतो. छत्तीस फुटी जुनी सेलबोट आहे, चार सीझन चेसापीक बे मध्येच फिरवली आणि मग बर्म्युडाला जायचं ठरलं. म्हणजे सहाशे सागरी मैलांच्या वर, पाच-सहा दिवस किनारा दिसणार नाही. बोटीवर असतो तो व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत चालतो, वीस-पंचवीस मैल गेला तरी खूप झालं. त्यापुढे बोलायचं तर एचएफ लागतो, ज्याला बोटवाले एसएसबी म्हणतात, त्याच्या लहरी वर आयनोस्फिअरला आपटून हजार-दोन हजार मैलांवर उतरतात. उपग्रहावरून इंटरनेट देणारं स्टारलिंक आहे की आता, असं लोक म्हणतात, मान्य, पण डिश बंद पडली की संपलं, आणि इंटरनेटवरून आजूबाजूच्या सगळ्या जहाजांना एकदम हाक मारता येत नाही.

तर रेडिओ शोधताना ओळखीच्या ओळखीतून एका काकांचं नाव कळलं. मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होते. १९९९ पासून जीएमडीएसएस (जहाजांची संकटात मदत मागायची आपोआप चालणारी रेडिओ यंत्रणा) आलं आणि जहाजांवरची रेडिओ ऑफिसरची पोस्टच गेली, मग ते इकडे आले आणि रिटायर झाल्यावर बोटींवर रेडिओ बसवून द्यायला लागले. घरी आले, पोहे खाल्ले, मोर्स कोड टेबलावर बोटांनी वाजवून दाखवला. माझे वडील रत्नागिरीचे म्हटल्यावर तर "अगं मग तू आपली मुलगीच, तुझ्याकडून काय कमावायचंय मला" असं म्हणाले. माणसाला विषय येत होता यात शंका नाही, म्हणूनच आम्ही फसलो. नवरा म्हणाला होता एक साधी पावती मागून घेऊ, मीच म्हटलं राहू दे, वाईट दिसतं.

सौदा असा होता: मरीन एसएसबी सेट, अँटेना ट्यूनर, ईमेलसाठी मोडेम आणि बसवणं मिळून ३,२०० डॉलर, वर लायसन्सचे ४५०. "परीक्षेची झंझट असते, ती मी मॅनेज करतो" हे त्यांचे शब्द. पैसे अर्धे कॅश, अर्धे झेल या पैसे पाठवायच्या सेवेने. दोन आठवड्यांत सेट बसला, हातात एक छापील कागद आला, त्यावर आमच्या बोटीचं नाव, कॉल साइन (रेडिओवर सांगायचं अक्षर-आकड्यांचं ओळखनाव) आणि नऊ आकडी एमएमएसआय नंबर. तो नंबर त्यांनी स्वतःच आमच्या व्हीएचएफमध्ये टाकून दिला.

पहिली शंका आली माझ्या लेकीला. ऑक्टोबरच्या बोट शोमध्ये एका स्टॉलवर मरीन एसएसबी मांडला होता, त्यावर झाकणाखाली लाल बटण, डिस्ट्रेस लिहिलेलं. तिने विचारलं, आई, आपल्याला हे बटण का नाहीये? मी काकांना फोन केला तर म्हणाले तो महागडा मॉडेल, आतून दोन्ही सेम. घरी येऊन आम्ही सेट ब्रॅकेटमधून काढला. मागच्या प्लेटवर मरीन असं छापलेलं चंदेरी स्टिकर होतं, कोपऱ्याला नख लावलं तर सुटायला लागलं, आणि खाली मॉडेल नंबर निघाला, आयकॉम ७०६, हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा. सेट चांगलाच आहे, पण हॅमवाल्यांचा. आतला एक डायोड काढला की तो मरीन बँडवरही ट्रान्समिट करतो, त्याला ओपन केलेला सेट म्हणतात, आणि सेकंडहँड बाजारात असले सेट भरपूर फिरतात.

आता हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे गोंधळतात आणि काकांनी त्या गोंधळावरच पैसे काढले. मरीन बँड आणि हॅम बँड ही दोन वेगळी दुकानं आहेत. अमेरिकन बोटीला परदेशी बंदरात जायचं असेल तर एफसीसीचं (रेडिओचे परवाने देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेचं) शिप स्टेशन लायसन्स लागतं, ते दहा वर्षांचं असतं, आणि चालवणाऱ्याकडे रिस्ट्रिक्टेड ऑपरेटर परमिट लागतं, ते आयुष्यभराचं. दोन्ही आपण स्वतः ऑनलाइन भरू शकतो आणि त्या परमिटला परीक्षाच नाही! जी परीक्षाच नाही ती मॅनेज करायचे पैसे आम्ही दिले. परीक्षा असते ती हॅमला. तिच्या पायऱ्या टेक्निशियन आणि मग जनरल, प्रत्येकी ३५ प्रश्न, २६ बरोबर यावे लागतात, मोर्स २००७ पासून नाही. बोटवाल्यांची रोजची हजेरी ज्या १४.३०० मेगाहर्ट्झवर चालते तिथे बोलायला जनरल लागतंच. काका म्हणाले होते तोपर्यंत माझाच कॉल साइन वापर. हे सरळ बेकायदा आहे.

आणि मरीन बँडवर ट्रान्समिट करायला सेटसुद्धा मरीनसाठी सर्टिफाय झालेलाच लागतो, लायसन्स असलं तरी ओपन केलेला हॅम सेट चालत नाही. जाब विचारला तेव्हा ते म्हणाले "इमर्जन्सीत सगळं चालतं गं". अर्धं खरं आहे. जीव खरोखर धोक्यात असेल तर कुठल्याही सेटवरून कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर हाक मारता येते. पण रोजची ईमेल आणि शेजारच्या बोटीशी गप्पा म्हणजे इमर्जन्सी नाही. आणि हाक मारून ऐकणार कोण? अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या कोस्ट गार्ड स्टेशनांनी ४१२५, ८२९१ किलोहर्ट्झ वगैरे फ्रिक्वेन्सींवर आवाजाची हाक ऐकत बसणं फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केलं. ते आता एचएफवर डीएससी ऐकतात, म्हणजे त्या लाल बटणाने जाणारा डिजिटल कॉल. ते बटणच आमच्या सेटवर नव्हतं. काकांना हे माहीत नसेल असं मी मानायला तयार नाही. माझ्या मुलीला घेऊन आम्ही समुद्रात जाणार होतो हे त्यांना माहीत होतं.

मग मी तो कॉल साइन एफसीसीच्या साइटवर टाकून बघितला. फुकट आहे, कोणालाही बघता येतं, दोन मिनिटं लागतात, ती दोन मिनिटं मी आधी काढायला हवी होती. दुसऱ्याच बोटीचं नाव आलं, लायसन्स कधीचं एक्स्पायर. एमएमएसआय ३३८ ने सुरू होणारा होता. असे नंबर खाजगी संस्था देशातल्या देशात फिरणाऱ्या बोटींना देतात, ते आंतरराष्ट्रीय यादीत जात नाहीत, परदेशी जायचं तर एफसीसीने लायसन्सबरोबर दिलेलाच लागतो. पण आमचा तर त्याहून वाईट निघाला. नंबर देणाऱ्या संस्थेला फोन केल्यावर कळलं की तो नंबर वेगळ्याच बोटीच्या नावावर आहे. म्हणजे आम्ही व्हीएचएफचं लाल बटण दाबलं असतं तर कोस्ट गार्डने भलतीच बोट समजून शोध घेतला असता आणि भलत्याच घरी फोन केला असता. त्या रात्री मला झोप आली नाही. बरं, व्हीएचएफमध्ये हा नंबर एक-दोनदाच टाकता येतो, चुकला की सेट डीलरकडे पाठवून रिसेट करून घ्यावा लागतो, तो खर्च वेगळा.

बसवण्याचंही तेच. मागच्या तारेचा, म्हणजे बॅकस्टेचा अँटेना करतात, त्याला समुद्राच्या पाण्याशी जोडलेलं ग्राउंड लागतं, ट्यूनरपासून तांब्याची रुंद पट्टी कीलच्या (बोटीच्या तळाच्या जड कण्याच्या) बोल्टपर्यंत किंवा पाण्याखालच्या ब्राँझच्या फिटिंगपर्यंत न्यायची. आमच्या मागच्या बर्थखालची फळी उचलली तर पट्टी फूटभर जाऊन संपलेली, पुढचं टोक व्यवस्थित गुंडाळून टेप लावून ठेवलेलं. दिसेल तेवढंच काम. पॉवरची वायर इतकी बारीक की माइक दाबून बोललं की केबिनचा दिवा मंद व्हायचा आणि डिस्प्ले विझायचा. असे सेट ट्रान्समिट करताना वीस अँपिअरच्या आसपास ओढतात, लांब अंतराला जाड केबल लागते.

भारतात बोट न्यायचं कधीतरी बोलणं झालं होतं तेव्हा त्यांनी सेकंडहँड इरिडियम सॅटफोनही (उपग्रहावरून चालणारा फोन) गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता. तो घेतला नाही हे नशीब. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटफोन नेणं गुन्हा आहे, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांना त्यावरून अडवलंय, ट्रेकिंगवाल्यांच्या सॅटेलाइट मेसेंजरवरूनसुद्धा. अमेरिकन हॅम लायसन्सही तिथे आपोआप चालत नाही, वेगळी परवानगी काढावी लागते. गावी जाताना बॅगेत टाकू नका.

३,६५० पैकी ६०० परत आले, तेही तीन महिने मागे लागल्यावर. स्मॉल क्लेम्समध्ये इकडे ५,००० डॉलरपर्यंत दावा लावता येतो, पण पावती नाही आणि त्यांनी दिलेल्या पत्त्यावर ते राहत नाहीत. बर्म्युडा एक वर्ष पुढे गेलं. मी हॅमची जनरल पास झाले, शिप स्टेशन लायसन्स स्वतः काढलं, मरीन सेट सेकंडहँडच घेतला पण मागची प्लेट आणि सीरियल नंबर बघून, आणि पट्टी नवऱ्याने आणि मी मिळून टाकली.

ईस्ट कोस्टला कोणी रिटायर्ड रेडिओ ऑफिसर काकांकडून सेट बसवून घेतला असेल तर आजच बर्थखालची फळी उचलून पट्टी कुठपर्यंत गेलीय ते बघा, आणि कॉल साइन तपासायला जमत नसेल तर मला मेसेज करा, मी बघून सांगते. त्या स्टिकरचे फोटो पण आहेत माझ्याकडे.