दहा महिने स्टँडिंग डेस्कवर, त्यात एक अख्खा पावसाळा

शिमगा झाल्यावर चोवीस हजार मोजून मोटरचं स्टँडिंग डेस्क घेतलं, म्हणजे बसून आणि उभ्याने काम करता यावं म्हणून बटणावर खालीवर होणारं टेबल. गुहागरला घरूनच काम करते. जेवणाच्या टेबलावर तीन वर्षं काढली आणि कंबर बोलायला लागली, म्हणून. घ्यायच्या आधी वाचलेले बहुतेक अनुभव एसीतल्या फ्लॅटमधले होते. खाऱ्या हवेतला एकही नव्हता.

पहिल्या आठवड्यात हौसेने नऊ ते एक सलग उभी राहिले. चौथ्या दिवशी टाचा ठणकायला लागल्या, रात्री पोटऱ्यांत गोळे. आई ओट्यापाशी भाजी चिरत बघत होती. म्हणाली, "आमच्या ओट्याला कुणी डेस्क म्हटलं नाही गं कधी." चूल जमिनीवर होती तोवर ती बसून रांधायची, ओटा झाला तेव्हापासून पस्तीस वर्षं उभी आहे आणि पायाच्या शिरा गाठी येऊन फुगल्यात. तिनेच जेवायचा जुना पाट आणून माझ्या पायाशी सरकवला. "एक पाय यावर ठेव, थोड्या वेळाने दुसरा." एक पाय वर असला की कंबरेचा बाक कमी होतो. हजार-दीड हजाराची जाड चटईही घेतली होती मी, पण फरक पाटाने पडला.

वजन उतरेल म्हणून घेत असाल तर राहू दे. 2018 साली अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, त्यात 65 किलोच्या माणसाने रोज बसण्याऐवजी सहा तास उभं राहिलं तर जास्तीच्या जळतात 54 कॅलरी. एका उकडीच्या मोदकाचीही भरपाई नाही. उलट 2017 मध्ये कॅनडातल्या सात हजारांवर कामगारांच्या बारा वर्षांच्या नोंदींवरून दिसलं, की मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका बसून काम करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट होता. हे आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, कुकरची शिटी मोजत राहिली.

आता माझं असं आहे: फोन आणि मीटिंग उभ्याने, वीस-पंचवीस मिनिटं; आकडेमोड आणि लांबलचक टायपिंग बसून. दिवसातून सात-आठ वेळा टेबल वरखाली होतं. कंबरेचं दुखणं बरंचसं गेलं, आणि ते उभं राहिल्याने नाही, सारखं हलल्याने. कोपर काटकोनात येईल तेवढीच उंची ठेवायची. लॅपटॉप नुसता टेबलावर ठेवला तर मान खालीच राहते; त्याखाली खोका आणि वेगळा कीबोर्ड लागतोच.

आता किनाऱ्याचं. जुलैत वादळी पावसात वीज गेली तेव्हा टेबल नेमकं वर होतं. सॉकेट इन्व्हर्टरवर नव्हता. मग दीड दिवस छातीशी लॅपटॉप. बसायचं तर स्वयंपाकघरातलं उंच स्टूल. वीज आल्यावरही हलेना. खालचं बटण दाबून धरून एकदा पूर्ण तळाला नेल्याशिवाय मोटर ऐकत नाही, हे सांगितलंय पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर. तेव्हा सॉकेट आधी इन्व्हर्टरवर घ्या, किंवा सरळ हँडल फिरवायचं मॉडेल घ्या. आज घेतलं असतं तर मी हँडलचंच घेतलं असतं.

श्रावणापर्यंत बोल्टांवर तांबूस गंज आला. फ्रेमला काही झालं नाही, पण बोल्ट स्टेनलेस स्टीलचे बदलून घ्यावे लागले. वरची भुशाची फळी कडेने पुरीसारखी फुगली. विकणाऱ्याचं उत्तर, "दमट जागेत वॉरंटी लागू नाही." म्हणजे आख्खं कोकण वगळलंय! शेवटी गावच्या सुताराकडून फणसाची फळी करून घेतली. भारी झाली, मोटर जरा कण्हते, पण आता कड सरळ आहे आणि उभ्या उंचीवर टाइप करताना चहात लाटा उठायच्या त्याही कमी झाल्या.

पैसे वसूल? दिवसाचे आठ तास खुर्चीत जाणाऱ्याला, हो. तीन-चार तास बसणाऱ्याने कपाटाच्या खणावर लॅपटॉप ठेवून महिनाभर बघावं, पायाखाली पाट घेऊन.

फळी बसवायला सुतार आला होता, तेव्हा आई त्याला बाजूला घेऊन विचारत होती, ओटा असा खालीवर करता येईल का. तो अजून माप घेऊन गेलेला नाही.