बेसनेम, डिरनेम आणि शेलची % # चिन्हं: आठ महिने वापरल्यावर

बेसनेम आणि डिरनेम या दोन कमांड, आणि शेलची (म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) % # ही चिन्हं आठ महिने रोज वापरतोय म्हणून लिहितोय. माझं काम म्हणजे जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पानं, हजारोंनी टिफ फाइली, त्यांचे जेपेग करून दुसऱ्या फोल्डरात टाकायचे. त्यामुळे दिवसभर पाथमधून, म्हणजे फाइलच्या पूर्ण पत्त्यातून, कधी नुसतं नाव काढा, कधी नुसता फोल्डर.

सुरुवातीला सगळीकडे बेसनेम (नाव काढायला) आणि डिरनेम (फोल्डर काढायला). दोन्ही एकदम भरवशाचे. बेसनेमला पाथच्या पुढे .टिफ लिहिलं की तेही कापून देतं, शेवटी स्लॅश राहिला तरी बरोबर नाव काढतं, आणि डिरनेमला नुसतं फाइलचं नाव दिलं तर एक टिंब देतं म्हणजे चालू फोल्डर. पण लूपमध्ये, म्हणजे एकेक फाइल घेऊन तेच काम करताना, दर फाइलला नवी प्रोसेस (वेगळा प्रोग्रॅम) सुरू होते, वीस हजार फाइली असल्या की वाट बघत बसावं लागतं.

मग बॅश या शेलमधलंच वापरायला लागलो. पाथ ठेवलेल्या व्हेरिएबलला ##*/ लावलं की शेवटच्या स्लॅशपर्यंतचं सगळं जातं, उरतं नाव. %/* लावलं की उरतो फोल्डर. लक्षात ठेवायला सोपं, कीबोर्डवर # हे डॉलरच्या डावीकडे म्हणून पुढून कापतं, % उजवीकडे म्हणून मागून. वेग प्रचंड, पण बेसनेमसारखं सांभाळून घेत नाही, शेवटी स्लॅश असला तर ##*/ रिकामं देतं, आणि पाथमध्ये स्लॅशच नसला तर %/* फाइलचंच नाव फोल्डर म्हणून हातात देतं.

तिसऱ्या महिन्यात मोठा फटका बसला. एक्स्टेन्शन काढायला पूर्ण पाथवरच %%.* लावलं होतं आणि एका फोल्डरचं नाव होतं 'भाग.२'. %% पहिल्या टिंबापासून पुढचं सगळं कापतं, म्हणजे 'स्कॅन/भाग.२/पान-०१.टिफ' चं उरलं 'स्कॅन/भाग', आणि प्रत्येक पानाचं तेच! एकशेबारा पानं एकाच जेपेगवर एकामागोमाग लिहिली गेली, हातात फक्त शेवटचं पान. मूळ टिफ शाबूत होत्या म्हणून निभावलं, तरी पूर्ण संध्याकाळ गेली. तेव्हापासून आधी ##*/ ने नाव वेगळं काढतो, मगच त्यावर एकच % लावून %.* चालवतो.

सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) असले तर मात्र यातलं काही कामाचं नाही, तिथे खरा पाथ देणारी रिअलपाथ कमांड सरळ. आणि काहीही वापरा, व्हेरिएबलभोवती डबल कोट हवेतच, नाहीतर मधल्या स्पेसमुळे 'दिवाळी अंक.टिफ' च्या दोन फाइली समजतो शेल.