पिग्मीच्या हिशेबाला रेडॉनचं माप: आठ महिने वापरून झाल्यावर

रेडॉन हे कोड किती गुंतलाय ते मोजणारं टूल. मी त्याच्याकडे वळले, त्याची सुरुवात १८ रुपयांपासून झाली. मागच्या जूनमध्ये, पाऊस नुकता लागला होता, बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या ऑफिसच्या जिन्यात एक पिग्मी एजंट भिजलेली छत्री टेकवून उभे होते. वय साठीच्या पुढचं, मी त्यांना काकाच म्हणते. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. "ओ ताई, हे बघा की. भाजीवाल्या आज्जीचं खातं बंद केलं. १४ महिने भरलंय तिनं, तरी व्याज कमी पडायलंय. माझ्या वहीतला आकडा अन् तुमच्या मशीनचा आकडा जुळेना."

वही बरोबर होती. आमचा कोड चुकला होता.

मी सहकारी सोसायट्यांसाठी पिग्मीचं सॉफ्टवेअर करते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पिग्मी म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. एजंट रोज दुकानात, गाड्यावर, दारात येतो, दहा-वीस रुपये घेतो, पावती देतो आणि मुदत भरली की व्याजासकट रक्कम मिळते. पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेनं १९२८ साली ही पद्धत सुरू केली. माझ्या बाबांनी २२ वर्षं खडे बाजार ते गणपत गल्ली पायी फिरून पिग्मी गोळा केली. त्यामुळं ३,१०० रुपये साठवणाऱ्या बाईचे १८ रुपये कमी लागणं ही माझ्यासाठी बारीकसारीक चूक नव्हती.

चूक सापडायला अडीच दिवस लागले, आणि सापडली ती एका ओळीत. मुदतीआधी खातं बंद केलं तर व्याजदर एका टक्क्यानं कमी, असा नियम दोन सोसायट्यांचा होता. कोडमध्ये लिहिलं होतं: सोसायटी पहिली असेल, किंवा सोसायटी दुसरी असेल आणि दिवस ३६५ पेक्षा कमी असतील, तर कपात करा. कंस घातलेले नव्हते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत 'अँड' (आणि) आधी बांधला जातो, 'ऑर' (किंवा) नंतर. म्हणजे दिवसांची अट फक्त दुसऱ्या सोसायटीला लागली, आणि पहिलीच्या प्रत्येक खात्यावर, मुदत भरलेली असो वा नसो, कपात होत राहिली. तपासल्यावर अशी ३७ खाती निघाली. फरकाची रक्कम सगळ्यांना परत दिली. पण ही एक ओळ शोधायला अडीच दिवस का लागले, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

उद्यमबागेत एका फाउंड्रीचं सॉफ्टवेअर बघणाऱ्या मैत्रिणीला हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "रेडॉन चालवून बघ. तुझं फंक्शन किती गुंतलंय ते आकड्यात दिसेल." फंक्शन म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा.

रेडॉन हे पायथनचा कोड मोजणारं मोफत, ओपन सोर्स टूल आहे. पिपनं, म्हणजे पायथनची टूल्स बसवणाऱ्या आज्ञेनं, एका ओळीत बसतं. खिडकी नाही, लॉगिन नाही, सगळं काम टर्मिनलवर आज्ञा टाइप करून. एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही आणि आपला कोड आपल्याच मशीनवर राहतो. आमच्याकडे जुलैत दुपारी नेट गेलं की संध्याकाळपर्यंत परत येईलच असं नसतं, म्हणून मला याचं मोल फार. शिवाय सोसायटीचा कोड बाहेरच्या सर्व्हरवर चढवायला कुठलाही चेअरमन परवानगी देणार नाही.

मी पहिल्यांदा 'रेडॉन सीसी' (सीसी म्हणजे सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी, गुंत्याचं माप) चालवलं आणि शेवटी 'एस' आणि 'एनसी' हे पर्याय लावले. 'एस'मुळं श्रेणीपुढे आकडा छापला जातो, 'एनसी'मुळं सी श्रेणीच्या वरचा चांगला भाग लपतो आणि फक्त अवघड फंक्शनं दिसतात. व्याजाच्या फंक्शनसमोर आलं: एफ, ओळ क्रमांक, फंक्शनचं नाव, मग पुन्हा एफ आणि पुढे ४७. नवीन माणूस इथं हमखास गोंधळतो. पहिला एफ म्हणजे 'हे फंक्शन आहे', क्लास (फंक्शनं एकत्र बांधणारी चौकट) असेल तर सी आणि मेथड (क्लासमधलं फंक्शन) असेल तर एम येतो. दुसरा एफ म्हणजे श्रेणी, आणि एफ ही सगळ्यात वाईट. १ ते ५ ए, ६ ते १० बी, ११ ते २० सी, २१ ते ३० डी, ३१ ते ४० ई, आणि ४१ पासून पुढे सगळं एफ. एकाच ओळीत एकाच अक्षराचे दोन अर्थ ठेवायला नको होते. माझ्या हाताखालच्या मुलानं पहिले दोन दिवस सगळीच फंक्शनं नापास समजून धसका घेतला होता.

हा ४७ येतो कुठून? मूळ कल्पना थॉमस मॅकेब यांची, १९७६ च्या शोधनिबंधातली. कोडचा प्रवाह गाठी आणि कडांच्या आलेखासारखा मांडायचा, कडांमधून गाठी वजा करायच्या आणि २ मिळवायचे. हातानं मोजायची रीत सोपी आहे: फंक्शनला सुरुवातीचा १, मग वाट जिथं जिथं फुटते तिथं आणखी १. रेडॉन इफ, एलिफ (अटी), फॉर, व्हाइल (पुन्हा पुन्हा फिरणारे लूप), एक्सेप्ट (चूक झाली तर काय करायचं) या प्रत्येकाला १ देतं, इफनंतरच्या एल्सला (नाहीतर) काही नाही. अँड आणि ऑर यांनाही प्रत्येकी १ मिळतो. म्हणजे आज्जीचे १८ रुपये खाणाऱ्या त्या एका ओळीनंच आकड्यात ३ ची भर घातली होती. मी प्रिंट काढून पेन्सिलीनं एकेक फाटा मोजला. ४७ च आले. त्या दिवसापासून या टूलवर माझा विश्वास बसला. यात कुठली जादू नाही, आपण बोटांवर मोजू तेच ते मोजतं.

मॅकेब यांनी फंक्शनसाठी १० ही मर्यादा सुचवली होती. अमेरिकेच्या मानक संस्थेनं, म्हणजे निस्टनं, १९९६ च्या आपल्या मार्गदर्शिकेत १० चीच शिफारस केली, आणि अनुभवी माणसं, नीट चाचण्या असतील तर १५ पर्यंत जाता येईल असं म्हटलं. हा आकडा चाचण्यांच्या दृष्टीनंही उपयोगी आहे. ४७ म्हणजे त्या फंक्शनमधून जाणाऱ्या एकमेकांवर अवलंबून नसलेल्या ४७ वाटा. आमच्याकडे त्या फंक्शनच्या चाचण्या किती होत्या? ६. त्यातल्या एकीतही पहिल्या सोसायटीचं मुदत भरलेलं खातं नव्हतं.

ही मोठी यादी बघून सगळं एकदम मोडून नवं लिहावं असं वाटतं. मलाही वाटलं. यादीत आणखी एक फंक्शन २४ वर होतं, पावती छापायचं. कन्नड पावती, मराठी पावती, छोटा कागद, मोठा कागद, दोन प्रकारचे ब्लूटूथ प्रिंटर, अशी एलिफची उभी शिडी. आकडा मोठा, पण वाचायला अगदी सरळ: वरून खाली जा, आपली ओळ गाठा, संपलं. मग मी गिटमधून, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलमधून, गेल्या वर्षभरात कुठली फाइल किती वेळा बदलली ते काढलं. व्याजाची फाइल ६१ वेळा. पावतीची ३ वेळा. नवी सोसायटी आली की तिचा नियम आम्ही व्याजातच एक इफ वाढवून घुसवत होतो. कर्नाटकात सौहार्द कायद्याखालच्या सोसायट्या वेगळ्या, जुन्या सहकारी कायद्याखालच्या वेगळ्या, आणि त्यातही प्रत्येकीच्या संचालक मंडळाचा ठराव वेगळा. कुणाचं वर्ष ३६० दिवसांचं धरायचं, कुणाचं ३६५ चं. सहा महिन्यांच्या आत खातं मोडलं तर कुणी व्याजच देत नाही, कुणी अर्धं देतं.

तिथं माझा निर्णय झाला. आकडा मोठा आणि हातही वारंवार लागतो, अशा ठिकाणीच रिफॅक्टरिंगला, म्हणजे काम तेच ठेवून कोडची मांडणी सुधारायला, वेळ द्यायचा. आकडा मोठा पण वर्षभर कुणी शिवलं नाही, ते चालतंय तसं चालू द्यायचं. रेडॉन ही दुसरी बाजू दाखवत नाही. त्याला फक्त आजचा कोड दिसतो, कालचे बदल दिसत नाहीत. गिटची यादी शेजारी ठेवल्याशिवाय त्याचा आकडा अर्धवट आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

दुरुस्तीच्या आधी काकांना आणि आणखी दोन एजंटांना बोलावून घेतलं. बंद झालेल्या ४० खात्यांची पासबुकं आणि त्यांच्या हातच्या वह्या घेऊन आम्ही एक अख्खा रविवार बसलो. वहीतला आकडा, जुन्या कोडचा आकडा, दोन्ही पैशापर्यंत लिहून काढले. बाबाही आले होते. एका खात्यावर ते अडले. "पोरी, हिनं दिवाळीत आठ दिवस भरलंच नाही. ते दिवस तू मोजायलीस का?" मोजत होते. सोसायटीच्या ठरावात ते दिवस सोडायचे होते. त्या ४० खात्यांच्या चाचण्या झाल्या, मगच जुन्या फंक्शनला हात लावला. प्रत्येक सोसायटीचे नियम एका तक्त्यात गेले: वर्षाचे दिवस, किमान मुदत, कपातीचा दर. हिशेबाचं फंक्शन तो तक्ता वाचतं, सोसायटीचं नाव त्याला माहीतच नसतं. तीन आठवडे लागले. आज त्या फाइलमधलं सगळ्यात मोठं फंक्शन ८ वर आहे. नंतर आलेली नवी सोसायटी मी तक्त्यात एक ओळ लिहून दुपारच्या जेवणाआधी बसवली.

आता खटकलेल्या गोष्टी.

अटी एकात एक किती खोल शिरल्यात, याबद्दल आकडा काही बोलत नाही. माझ्याकडे ९ वर असलेलं एक फंक्शन आहे, श्रेणी बी, म्हणजे कागदावर ठीक. पण त्यात लूपच्या आत इफ, त्याच्या आत लूप, त्याच्या आत पुन्हा इफ. पावतीच्या त्या २४ च्या शिडीपेक्षा हे ९ वाचताना डोकं जास्त शिणतं. सोनारसोर्सनं मांडलेली कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी एकात एक शिरलेल्या अटींना वाढतं वजन देते. तसं माप रेडॉनमध्ये नाही, आणि ही उणीव मोठी आहे.

'रेडॉन एमआय' मी वापरणं सोडून दिलं. हा मेंटेनेबिलिटी इंडेक्स ओळींची संख्या, मॅकेबचा आकडा, हॉलस्टेडची मापं (कोडमधली चिन्हं आणि नावं मोजून काढलेली) आणि टिप्पण्यांचं प्रमाण एकत्र करून १०० पैकी गुण देतो. २० च्या वर काहीही असलं तरी श्रेणी ए. आमची जुनी व्याजाची फाइलसुद्धा त्यात ए होती! आणि कोडला हात न लावता वर मराठीत ३० ओळींची टिप्पणी लिहिली, तर गुण वाढले. टिप्पणी मी आवर्जून लिहिते, लिहावी, पण तिनं गुंता सुटत नाही.

सरासरीवरही विसंबू नका. शेवटी 'ए' पर्याय लावला की सगळ्या फंक्शनांची सरासरी मिळते, आणि ती बघायला छान वाटते. हाताखालच्या त्याच मुलानं एकदा १८ च्या फंक्शनचे तीन तुकडे केले आणि नावं दिली भाग एक, भाग दोन, भाग तीन. सरासरी घसरली, श्रेणी सुधारली, पण वाचणाऱ्याला आता एकाऐवजी तीन ठिकाणी उड्या मारायच्या. त्याला रागावले नाही. शेजारी बसवून विचारलं, यातल्या प्रत्येक तुकड्याचं काम तुझ्या आईला एका वाक्यात सांगता येईल का? त्यानं स्वतःच दोन तुकडे परत जोडले आणि तिसऱ्याला 'थकीत दिवस मोजा' असं नाव दिलं.

एजंटांच्या फोनवरचं आमचं ॲप जावात आहे. रेडॉन फक्त पायथन वाचतं. जावासाठी मी लिझार्ड हे दुसरं मोफत टूल वापरते, ते पुष्कळ भाषा मोजतं आणि आपण वेगळी मर्यादा दिली नाही तर १५ च्या पुढं इशारा देतं. दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या असल्यानं टीममध्ये एकच आकडा ठरवून भिंतीवर लावला: १० च्या पुढं गेलं की कारण लिहायचं. रेडॉनवरच बेतलेलं झेनॉन नावाचं टूल ही मर्यादा ओलांडली की बिल्डच, म्हणजे नवा कोड तयार होण्याची प्रक्रियाच, थांबवतं. ते मी फक्त व्याजाच्या फोल्डरला लावलंय. सगळ्या कोडला लावलं तर तातडीची दुरुस्ती अडून राहील, आणि मार्चअखेरीला ते परवडत नाही.

पायथनमध्ये पैशाचा हिशेब करणाऱ्या प्रत्येकानं आज दुपारी हे बसवावं आणि सगळ्यात वाईट फंक्शन एकदा पेन्सिलीनं मोजून बघावं. खर्च शून्य, वेळ अर्धा तास.

एजंट कमिशनची आमची फाइल अजून डी वर आहे, २६. वर्षात दोनदाच बदलली, म्हणून तशीच ठेवलीय. खानापूरच्या एका सोसायटीत कमिशनचा नवा दर ठरायचा आहे म्हणे. तो ठराव आला की काकांना वहीसकट पुन्हा बोलावणार आहे.