ध्वजदिनाचा कार्यक्रम की जवानाचं पोर्ट्रेट?

भाचीला माजी सैनिकांच्या संस्थेसाठी फुकट फोटो काढून द्यायचेत. अडलंय एवढंच, की ध्वजदिनासारखे (सैनिकांसाठी निधी गोळा करायचा दिवस) कार्यक्रम टिपावेत की जवानांच्या घरी जाऊन पोर्ट्रेट काढावीत?

सामानाचं आधी बघू. सभागृहाच्या अंधुक उजेडात 2.8 झूम, म्हणजे जास्त उजेड आत घेणारी झूम लेन्स, आणि फ्लॅश हवाच. पोर्ट्रेटला झूम नसलेली साधी 50 एमएम 1.8 लेन्स आणि उजेडासाठी एक खिडकी पुरते.

वेळ म्हणाल तर कार्यक्रम तीन तासांत संपतो, मग शेकडो फोटो निवडत रात्र जाते. पोर्ट्रेटला माणसामागे अर्धा दिवस, त्यातला निम्मा चहा-पोह्यांत. तो वाया गेला असं समजू नका, चेहरा त्यातच सैल होतो.

खरी मेख परवानगीत आहे. पुण्यात खडकी असो वा कॅम्प, लष्करी आवारात लेखी परवानगीशिवाय कॅमेरा पिशवीतच. घरी मात्र जवानाची संमती. कृत्रिम पाय असेल तर तो फोटोत दिसावा की नाही, हे त्यानंच ठरवायचं.

7 डिसेंबरच्या ध्वजदिनाचे फोटो आठवड्यात शिळे होतात. पोर्ट्रेट देणगीच्या पत्रकावर वर्षानुवर्षं चालतं, शिवाय घरच्या भिंतीवर लागतं.

नोकरीमुळे ज्याला फक्त रविवार मोकळा, जो गर्दीत बुजत नाही, त्यानं कार्यक्रम घ्यावेत. भाची गप्पिष्ट आहे, लेन्स एकच आहे. तिनं पोर्ट्रेटच काढावीत.