तोंडाला धिंगरी: रोवणीपासून नवतप्यापर्यंतचा अनुभव

आमच्या बचत गटाने गेल्या पावसाळ्यात धिंगरी (ऑयस्टर) मशरूमच्या पिशव्या लावल्या, तेव्हा चेहऱ्याचा विचार कोणाच्याच डोक्यात नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातला नागभीड-ब्रह्मपुरीकडचा आमचा पट्टा धानाचा, तणस हवी तेवढी, आणि धिंगरी पिकते तणशीवरच. प्रशिक्षण घेतलं, एक रिकामी खोली धुऊन काढली आणि काम सुरू झालं. चांगला माल बाजारात जायचा. काठ फाटलेली, पिवळसर पडलेली धिंगरी आमच्या घरी यायची. भाजी, भजी, पुन्हा भाजी. मग गटातल्या एकीने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला: एक बाई गालाला करड्या रंगाचा लेप लावून बसलेली आणि खाली दावा की मशरूमने त्वचा उजळते, वांग जातात, सुरकुत्या थांबतात. माल घरचाच, खर्च शून्य. करून बघायला काय जातं?

माझी त्वचा मुळात कोरडी. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले ते गेलेच नाहीत. दिवस अर्धा बांधीत (धानाच्या शेतात), अर्धा गटाच्या कामात. डोक्यावर पदर असला तरी चिखलाच्या पाण्यावरून उलटं येणारं ऊन तोंडावर बसतंच. हे सगळं आधी सांगते, कारण तेलकट त्वचेच्या किंवा मुरुमं असलेल्या मुलींना माझा अनुभव जसाच्या तसा लागू होणार नाही.

पहिला प्रयोग ताज्या धिंगरीच्या लेपाचा. देठ काढायचे, छत्र्या मिक्सरमधून काढायच्या, थोडं दही घालायचं आणि वाळेपर्यंत लावून ठेवायचं. सासूबाई ओसरीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "सात्या भेटत नाही म्हनून का तोंडाले धिंगरी लावून रायली वो?" सात्या म्हणजे आमच्याकडच्या रानातल्या छत्र्या, उधईच्या (वाळवीच्या) वारुळावर उगवणाऱ्या. पावसाळ्यात थोडेच दिवस मिळतात आणि मटणाच्या भावाशी बरोबरी करतात. त्या तोंडाला लावायचं कोणी स्वप्नातही आणणार नाही, आणि सासूबाईंच्या हिशेबात धिंगरीलाही तोच न्याय होता.

लेप धुतल्यावर गाल मऊ लागायचे, हे खरं. पण दही नुसतं लावलं तरी मऊ लागतातच. म्हणून पुढे एका गालाला नुसतं दही आणि दुसऱ्याला दही-धिंगरी, असं बरेच दिवस करून पाहिलं. फरक मला तरी कळला नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, दोन्हीकडे वास सारखाच येतो. वासाचं खरं होतं. ताज्या लेपाला ओल्या तणसाचा कुबट वास असतो आणि तो कपाळाच्या केसांत राहतो.

उजळपणाबद्दल मात्र एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण सगळा बाजार तिच्यावर चाललाय. बटण मशरूम कापून ठेवलं की थोड्या वेळात तपकिरी पडतं, धिंगरीही जरा उशिराने पडते. हे करणारं विकर (एन्झाइम) म्हणजे टायरोसिनेज. आपल्या कातडीत काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, तयार होतो तोही याच जातीच्या विकरामुळे. त्वचा उजळवणारी नवी औषधं तपासताना प्रयोगशाळेत मशरूममधून काढलेलं टायरोसिनेजच वापरतात: ते औषधाने थंडावतं का, हे बघायला. म्हणजे ज्या वस्तूत रंग बनवणारं यंत्र आहे, तीच आपण रंग घालवायला थापतोय. घाबरू नका, लेपाने कोणी काळं होत नाही, हे विकर एवढं मोठं असतं की कातडीच्या आत शिरतच नाही. पण कच्च्या मशरूमच्या लेपाने वांग जातील, ही आशा सोडून द्यायला एवढं पुरेसं आहे.

मग "मशरूमने उजळतं" ही बोंब कुठून उठली? माझ्या मते कोजिक अ‍ॅसिडमुळे. तालुक्याच्या दुकानातही आता कोजिक साबण मिळतो. हे अ‍ॅसिड टायरोसिनेजमधलं तांबं धरून ठेवतं आणि त्याचं काम मंदावतं. जपानमध्ये 1907 साली ते सापडलं, तांदळावर वाढवलेल्या कोजी नावाच्या बुरशीत, ज्या बुरशीपासून तिथे साके दारू आणि मिसो बनतं. ती बुरशी आहे, छत्रीवालं मशरूम नव्हे. पाकिटावर मशरूमचं चित्र काढायला सोपं, एवढंच. आणि साबणातलं कोजिक तोंडावर राहतं तरी किती वेळ? फेस आला की आपण धुऊन टाकतो. माझ्या नणंदेला त्याने गाल लाल होऊन चुरचुरले, तेव्हा "नैसर्गिक" या शब्दावर फार विसंबू नका.

आता जे खरोखर उपयोगी पडलं त्याकडे येते. ते म्हणजे उकळलेलं पाणी.

दिवाळीनंतर धान कापणी-चुरणी संपते तेव्हा आमच्या हातांची अवस्था बघवत नाही. धानाच्या कुसाने बोटं चिरलेली, टाचा फाटलेल्या, ओठ सुकलेले. तेव्हा सुकवलेली धिंगरी मूठभर घेऊन, लहान गंजात (पातेल्यात) दोन पेले पाण्यात मंद आचेवर निम्मं होईपर्यंत उकळली आणि फडक्यातून गाळली. थंड झाल्यावर ते पाणी पातळ पेजेसारखं किंचित बुळबुळीत होतं. त्यात चमचाभर ग्लिसरीन घालून आंघोळीनंतर ओल्या हातापायांवर आणि चेहऱ्यावर लावायला लागले, त्यावर थोडं खोबरेल तेल. हे मात्र टिकलं. संपूर्ण हिवाळा ओठांच्या कडा फुटल्या नाहीत आणि बोटांची आग कमी झाली.

यामागचं कारणही साधं आहे. मशरूमच्या पेशींच्या भिंतीत बीटा-ग्लुकन नावाची लांबलचक साखळीची साखर असते. गरम पाण्यात तिचा काही भाग उतरतो. ती कातडीच्या आत फारशी जात नाही, वरच पातळ पापुद्रा धरते आणि पाणी उडून जाऊ देत नाही. ग्लिसरीनही पाणीच धरतं, तेव्हा श्रेय कोणाचं किती, हे मी ठामपणे सांगत नाही. नुसतं ग्लिसरीन मला चिकचिकीत वाटायचं आणि धूळ धरायचं. या पाण्यातलं तसं वाटलं नाही. ओट्समध्येही बीटा-ग्लुकन असतं आणि परदेशात खाजेवर ओट्सचं पाणी वापरायची जुनी रीत आहे, तेव्हा ही धिंगरीचीच किमया आहे असंही समजू नका.

या पाण्याची अडचण म्हणजे टिकाव. दुकानातल्या बाटलीत टिकवणारं रसायन असतं, आपल्या बाटलीत काही नसतं, आणि बुरशीला वाढायला याहून चांगलं अन्न कुठलं? फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे फेकायचं. आमच्याकडे वीज जाते तेव्हा फ्रिज नावापुरताच असतो, म्हणून मी बर्फाच्या साच्यात गोठवते आणि रोज एकच वडी काढते. वास बदलला, तार सुटली, ढगाळ दिसलं, की सरळ परसात. फ्रिजबाहेर ठेवलेलं पाणी जखमेवर किंवा चिरलेल्या बोटावर लावू नका.

गटातल्या बायकांची मोठी शंका वेगळीच होती: मशरूम ही बुरशी, गजकर्णही बुरशी, रोवणीत, म्हणजे धानाची रोपं लावताना, पायाला चिखल्या होतात त्याही बुरशीच, मग तोंडाला लावून गजकर्ण नाही का होणार? ब्रह्मपुरीच्या एका त्वचारोग डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं की कातडीवर जगणाऱ्या बुरशीची जात वेगळी, ती नख-केस-कातडीतलं केराटिन खाते. धिंगरी तणस आणि लाकूड खाणारी. त्यामुळे तिच्यापासून गजकर्ण होत नाही, पण आधीच गजकर्ण असेल तर कुठलाही ओला लेप त्यावर थापायचा नाही, ओलाव्याने ते पसरतं. चिखल्यांवर तर अजिबात नाही, तिथे बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं हाच उपाय.

त्याच डॉक्टरांनी वांगाबद्दल मला जे सांगितलं ते ऐकायला गोड नव्हतं. वांग उन्हाने वाढतात. उन्हापासून बचाव केला नाही तर कुठलंही मशरूम, मलम, साबण काही करणार नाही. आणि मेडिकलमधून कोणीतरी सांगितलं म्हणून आणलेली "गोरं करणारी" ट्यूब लावायची नाही. त्यांतल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉईड असतं. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळ दिसतो, पुढे कातडी पातळ होते, शिरा दिसायला लागतात आणि ट्यूब सोडली की आग होते. 2018 पासून असली स्टिरॉईडची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे, तरी गावोगाव ती मिळतातच. यापेक्षा धिंगरीचं पाणी लाख पटीने बरं, निदान तसलं नुकसान तरी करत नाही. आता मी बांधीत जाताना सनस्क्रीन लावते आणि दुपट्टा नाकापर्यंत बांधते. वांग थोडे फिके झाले आहेत. श्रेय दुपट्ट्याचं.

विकतचं सीरमही घेऊन पाहिलं, एवढं केलं तर तेही का सोडा. ऑनलाईन मागवलं, ट्रेमेला मशरूमचं. ट्रेमेला म्हणजे पांढरी, जेलीसारखी, फुलासारखी दिसणारी बुरशी. चीनमध्ये ती गोड सूपात घालून खातात आणि चेहऱ्याच्या कांतीसाठी तिचं नाव जुनं आहे. तिच्यातली साखर पाणी चांगलं धरते, म्हणून हायल्युरॉनिक अ‍ॅसिड या पाणी धरणाऱ्या दुसऱ्या घटकाच्या जोडीला तिला बसवतात. वापरायला छान: वास नाही, चिकटत नाही, लगेच मुरतं. दमट हवेत, भाद्रपदात, मस्त वाटलं. उन्हाळ्यात मात्र कूलरच्या झोतात बसलं की तासाभरात गाल ओढल्यासारखे व्हायचे. पाणी धरणारी कुठलीही वस्तू कोरड्या हवेत एकटी लावली तर वरून तेल किंवा क्रीम हवंच, हे तेव्हा कळलं. छोट्या बाटलीची किंमत आमच्या दोन दिवसांच्या मजुरीपेक्षा जास्त होती. घरच्या पाण्यापेक्षा एवढी जास्त करामत मला दिसली नाही.

मार्चनंतर ताजी धिंगरी बंद. तिला साधारण वीस ते तीस अंश आणि भरपूर ओलावा लागतो. आमच्याकडे पारा चाळीसच्या पार जातो, पोती ओली करून टांगली तरी खोली निवत नाही. मग हिवाळ्यात सुकवून ठेवलेल्यावर काम चालतं. दहा किलो ताजी सुकवली की जेमतेम किलोभर उरते. सुकवताना छत्री उलटी, पापुद्र्याची बाजू उन्हाकडे करून खाटेवर पसरायची. उन्हामुळे तिच्यातल्या अर्गोस्टेरॉल नावाच्या घटकाचं ड जीवनसत्त्व होतं. ते मिळवायचं तर खाऊनच मिळतं, गालाला चोळून नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मी सीरम, लेप सगळं बंद ठेवलं होतं. घामाने सगळं वाहून जातं.

तुमच्यापैकी कोणी करून बघणार असेल तर काही गोष्टी विचारून घ्या. धिंगरी कशी पिकवली ते विचारा. तणस निर्जंतुक करायला काही जण फॉर्मेलिन (जंतुनाशक) आणि बाविस्टिन (बुरशीनाशक) यांच्या द्रावणात भिजवतात; आम्ही गरम पाण्यात करतो. तोंडाला लावायची ती गरम पाण्यावरचीच घ्या, खायचीही तीच घ्या म्हणेन मी. रानातली ओळखीची नसलेली छत्री कशालाही लावू नका. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघा. आणि पिशव्यांच्या खोलीत जाताना तोंडाला फडकं बांधा. धिंगरी जून झाली की तिच्यातून पांढरी धूळ झडते, ते बीजाणू. त्याने आमच्या एकीला खोकल्याने बेजार केलं होतं. सुकी धिंगरी मिक्सरमध्ये दळताना झाकण लगेच उघडू नका, त्याच कारणासाठी.

गटात मधे टूम निघाली होती की धिंगरीचा साबण करून जत्रेत विकू. मी विरोधात होते. साबण अर्ध्या मिनिटात धुतला जातो, त्यात धिंगरी असली काय, नसली काय. शिवाय सौंदर्यप्रसाधन बनवून विकायचं तर परवाना लागतो, घरच्या चुलीवरचा माल लेबल लावून विकता येत नाही. शेवटी सुकी धिंगरी खाण्यासाठीच पाकिटातून विकायचं ठरलं, आणि ती बऱ्यापैकी चालली आहे.

माझ्याकडे सध्या उरलंय ते एवढंच: हिवाळ्यापुरतं उकळलेलं पाणी, हातापायांसाठी. सीरमची बाटली संपली, दुसरी मागवली नाही. आणि ताज्या धिंगरीचं म्हणाल, तर कांदा-लसूण-तिखटात परतलेली, भाकरीबरोबर.