चाळीस अँपिअरचा सेल टेस्टर: सोळा सेल, एक यंत्र आणि पावसाळ्यापूर्वीचे तीन आठवडे

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात होती. त्या काळात आमच्या घरातील १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी तिसऱ्याच दिवशी निकामी झाली आणि पुढे कधी तरी लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी स्वतःच बांधायची, असे मी तेव्हाच ठरवले. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला बराच काळ गेला. अखेर २८० अँपिअर-तासांचे सोळा सेल घरी आले आणि त्यांच्या तपासणीसाठी झेडकेईटेक कंपनीचा ईबीसी-ए४०एल हा टेस्टर सिंगापूरहून परतणाऱ्या भाच्याबरोबर मागवला. हा लेख त्या यंत्राचे परीक्षण आहे. मात्र हे यंत्र काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे समजल्याशिवाय त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही, म्हणून सेलच्या संतुलनाविषयीही, म्हणजे सगळे सेल सारखेच भरलेले ठेवण्याविषयीही, येथे विस्ताराने लिहावे लागेल.

ए४०एल एका वेळी एकच सेल तपासतो. ५ व्होल्टच्या मर्यादेत तो सेलला जास्तीत जास्त ४० अँपिअरने चार्ज करतो आणि तितक्याच प्रवाहाने डिस्चार्जही करतो. याच कंपनीचा ए२० हा जुना टेस्टर २० अँपिअरने डिस्चार्ज करतो, पण चार्ज मात्र ५ अँपिअरनेच करतो. २८० अँपिअर-तासांचा रिकामा सेल ५ अँपिअरने भरायला ५६ तास लागतात, हा एवढा हिशेब मांडला तरी दोहोंतील फरक लक्षात येतो. पाण्याच्या टाकीसाठी लहानशी बॅटरी बांधणाऱ्याला ए२० पुरेल, पण घराच्या बॅटरीसाठी तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणीची मुळात गरजच काय, असा प्रश्न आमच्याकडील वायरमनने विचारला होता. सोळाही सेल मल्टिमीटरवर ३.२८ ते ३.३० व्होल्ट दाखवत असताना आणखी काय पाहायचे, हे त्याचे म्हणणे वरवर रास्त होते. परंतु या रसायनाचा स्वभावच असा आहे, की व्होल्टेजवरून त्याची भरलेली पातळी कळत नाही. डिस्चार्ज होत असताना विद्युतअग्रात लिथियम असलेले आणि लिथियम नसलेले असे आयर्न फॉस्फेटची दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात, एकाचे प्रमाण घटते आणि दुसऱ्याचे वाढते, पण व्होल्टेज जवळपास जागचा हलत नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगायला सड्याची, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाची, उपमा पुरते. सड्यावर चालताना कड्यापासून आपण किती दूर आहोत हे पायांना कळत नाही, आणि कडा आला की एकदम येतो. या सेलचा आलेख तसाच असतो: साधारण ३.२ ते ३.३५ व्होल्टच्या दरम्यान लांबलचक सपाटी, खाली २.५ व्होल्टकडे कोसळणारी बाजू आणि वर ३.४ व्होल्टनंतर ३.६५ व्होल्टपर्यंत काही मिनिटांत चढणारी बाजू. सेलची क्षमता कळण्यासाठी सडा एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत चालून जावाच लागतो, आणि हा टेस्टर नेमके तेच काम करतो.

माझी पद्धत साधी होती. सेल प्रथम ४० अँपिअरने ३.६५ व्होल्टपर्यंत चार्ज करायचा, त्याच व्होल्टेजवर प्रवाह २ अँपिअरपर्यंत उतरू द्यायचा, तासभर विसावा द्यायचा, मग ४० अँपिअरने २.५ व्होल्टपर्यंत डिस्चार्ज करून क्षमता नोंदवायची आणि लगेच पहिल्यासारखेच पूर्ण चार्ज करून ठेवायचे. नवे सेल साधारणपणे निम्म्याहून कमी भरलेले येतात, त्यामुळे पहिल्या चार्जला पाचेक तास, डिस्चार्जला सात तास आणि शेवटच्या चार्जला आठ तास असे एका सेलमागे वीस तास जातात. सोळा सेलांचे अखंड तेराहून अधिक दिवस होतात. मला तीन आठवडे लागले.

जास्तीचा वेळ प्रामुख्याने विजेच्या लपंडावात गेला. तिसऱ्या दिवशी डिस्चार्जचे पाच तास झालेले असताना लाइट गेली आणि ती मोजणी पाण्यात गेली. वीज जाते म्हणून बॅटरी बांधायची आणि त्या बॅटरीची चाचणी वीज गेल्यामुळे बुडायची, यावर घरात बरीच थट्टा झाली. नंतर मी टेस्टर जुन्या इन्व्हर्टरवर टाकला. डिस्चार्जच्या वेळी सेलमधील सगळी ऊर्जा यंत्र उष्णतेत घालवते, बाहेरून त्याला केवळ पंख्यांपुरती आणि पडद्यापुरती वीज लागते, त्यामुळे अशक्त बॅटरीवरही ते टप्पे निभावले. चार्ज करताना मात्र दीडशे वॅटच्या पुढे भार पडतो. तेव्हा लाइट असेल ती वेळ चार्जसाठी आणि जाण्याची शक्यता असेल ती वेळ डिस्चार्जसाठी, असे वेळापत्रकच मी भिंतीवर लावले होते.

३.२ व्होल्ट गुणिले ४० अँपिअर म्हणजे सुमारे १२८ वॅटची उष्णता सात तास सलग खोलीत पडते. पंख्यांचा आवाज माजघरात झोपणाऱ्याला सहन होण्यासारखा नाही. यंत्र पडवीत, हवा खेळती राहील अशा ठिकाणी आणि ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावे. शिवाय मे महिन्यात पडवीचे दुपारचे तापमान ३४ अंशांवर जाते आणि पहाटे ते २६ असते, याचाही परिणाम मोजणीवर होतो. एकच सेल दुपारी आणि रात्री असा दोनदा तपासला, तेव्हा दीड अँपिअर-तासाचा फरक आला. म्हणून सेलांची आपापसांतली तुलना करायची असेल, तर डिस्चार्ज शक्य तितक्या सारख्या तापमानात करावा आणि अशा एक-दोन अँपिअर-तासांच्या फरकावरून विक्रेत्याशी भांडू नये.

या यंत्रातील माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे चार तारांची जोडणी. प्रवाह दोन जाड तारांतून वाहतो आणि व्होल्टेज दोन वेगळ्या बारीक तारांनी थेट सेलच्या टोकांवर मोजला जातो. जोडणीत केवळ २ मिलिओहम रोध असला, तरी ४० अँपिअरला ८० मिलिव्होल्टची घट होते. दोनच तारांचा टेस्टर ही घट सेलच्याच खाती मांडतो आणि चार्ज करताना प्रवाह वेळेआधीच उतरवू लागतो. चार तारांमुळे ही चूक टळते, परंतु तेवढ्या रोधात निर्माण होणारी ३.२ वॅटची उष्णता टळत नाही. त्यामुळे क्लिपवर विसंबून न राहता मी तारांना तांब्याचे लग (टोकाला बसवायच्या कड्या) दाबून घेतले आणि सेलच्या एम६ स्टडवर नटाने आवळले. खाऱ्या, दमट हवेत ॲल्युमिनियमच्या टोकांवर ऑक्साइडचा थर लवकर धरतो. बारीक पॉलिश पेपरने टोके हलकेच घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून लगेच लग बसवले, तर हाताला गरम लागणारी जोडणी थंड पडते, हे मी दोन-तीनदा अनुभवले.

यंत्राच्या पडद्यावर अंतिम आकडा दिसतो, पण संगणकाला जोडून विंडोजवरील सॉफ्टवेअरमध्ये संपूर्ण आलेख नोंदवणे अधिक श्रेयस्कर आहे. आलेखाचे मोल मला अकराव्या सेलने दाखवले. हा सेल आला तेव्हा ३.२९ व्होल्टवर होता, म्हणजे इतरांसारखाच, आणि विक्रेत्याने सोबत दिलेल्या कागदावर त्याची क्षमता २८३ लिहिलेली होती. टेस्टरवर तो २६६ वर संपला. पुन्हा तपासल्यावर २६७ आला. उरलेले पंधरा २८० ते २८६ यांच्या दरम्यान होते. वायआर१०३५ या मिलिओहम मीटरवर इतरांचा अंतर्गत रोध ०.१७ ते ०.१९ मिलिओहम असताना याचा ०.२६ होता. मालिकेत जोडलेल्या सोळा सेलांची क्षमता सर्वांत लहान सेलएवढीच धरावी लागते, म्हणून त्या एका सेलपायी उरलेल्या पंधरांमधील प्रत्येकी तेरा-चौदा अँपिअर-तास कायमचे अडकून पडले असते. मी दोन्ही आलेख विक्रेत्याला पाठवले. प्रारंभी त्याने माझ्या तारांवर संशय घेतला, परंतु त्याच तारांनी तपासलेल्या शेजारच्या सेलचा आलेख पाठवल्यावर तो गप्प झाला आणि महिन्याभराने बदली सेल आला, जो २८१ भरला. टेस्टरची किंमत त्या एका पत्रव्यवहारात वसूल झाली असे मी मानतो.

आता संतुलनाविषयी. येथे बऱ्याच लोकांची गल्लत होते. क्षमता सारखी असणे आणि सेल एकमेकांशी जुळलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २८० आणि २८६ क्षमतेचे सेल एकत्र सुखाने चालतात, पण दोघेही नेमके २८० क्षमतेचे असून एक पूर्ण भरलेला आणि दुसरा दहा अँपिअर-तासांनी रिता असेल, तर चार्ज होताना पहिला आधी ३.६५ व्होल्टला पोहोचतो, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारे संरक्षक सर्किट) चार्जिंग तोडतो आणि दुसरा रोज तितकाच उपाशी राहतो. यावरचा प्रचलित उपाय म्हणजे सगळे सेल समांतर जोडून बेंच पॉवर सप्लायने, म्हणजे व्होल्टेज ठरवून देता येणाऱ्या टेबलावरच्या वीजपुरवठा यंत्राने, एकत्र ३.६५ व्होल्टपर्यंत भरणे. उपाय बरोबर आहे, पण सोळा सेलांची एकत्रित क्षमता ४,४८० अँपिअर-तास होते. ते चाळीस टक्के भरलेले असतील, तर १० अँपिअरच्या सप्लायला उरलेले २,६८८ अँपिअर-तास भरायला अकरा दिवसांहून अधिक काळ लागतो.

या अकरा दिवसांत माणसाचा धीर सुटतो आणि तो प्रवाह वाढवण्यासाठी सप्लायचा व्होल्टेज ३.६५ च्या वर नेतो. सेल सपाटीवर असेपर्यंत काहीच बिघडत नाही, त्यामुळे युक्ती साधली असे वाटते, आणि मग एखाद्या रात्री सगळे सेल मिळून कडा चढतात आणि सकाळी फुगलेले सापडतात. व्होल्टेज सेल जोडण्यापूर्वी ठरवावा, मल्टिमीटरने ताडून पाहावा आणि त्यानंतर त्या खुंटीला हात लावू नये.

ए४०एलने हा अकरा दिवसांचा भाग मला जवळजवळ फुकटात करून दिला. प्रत्येक सेल त्याच यंत्राने, त्याच ३.६५ व्होल्टवर, त्याच २ अँपिअरच्या मर्यादेपर्यंत भरला, म्हणजे सोळाही सेल वरच्या कड्यावर आधीच शेजारी शेजारी उभे होते. त्यानंतर समांतर जोडून पॉवर सप्लायवर ठेवले, तेव्हा संध्याकाळी सुरू केलेले काम मध्यरात्रीच्या सुमारास प्रवाह नगण्य होऊन संपले. त्या वेळात मी तेथून उठलो नाही. बोटातली अंगठी काढून ठेवावी आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळावी, हेही सांगितले पाहिजे, कारण इतक्या कमी अंतर्गत रोधाच्या सेलवर पाना आडवा पडला तर क्षणात हजारो अँपिअर वाहतात.

टेस्टरच्या आवाक्याबाहेरची गोष्ट म्हणजे सेलची आपोआप होणारी गळती. वीस तासांच्या चाचणीत ती दिसणे शक्यच नाही. समांतर जोडणी सोडल्यावर मी सेल दोन आठवडे नुसते ठेवले. बहुतेक सगळे ३.३६ ते ३.३७ व्होल्टवर स्थिरावले, परंतु चौथा सेल ३.३४ वर उतरला. क्षमतेच्या चाचणीत याच सेलने २८४ दाखवून मला खूश केले होते. दीर्घकाळात संतुलन बिघडवणारा सेल असा असतो, आणि केवळ टेस्टरवर विश्वास ठेवणारा माणूस त्याला अव्वल नंबर देऊन मोकळा होतो.

चौथा सेल मी बदलला नाही. माझ्या बीएमएसमध्ये २ अँपिअरचा ॲक्टिव्ह बॅलन्सर, म्हणजे भरलेल्या सेलमधला चार्ज रित्या सेलमध्ये हलवणारा भाग, आहे आणि एवढी गळती तो सहज भरून काढतो, पण त्यासाठी संतुलन ३.४ व्होल्टच्या वरच सुरू होईल अशी मांडणी करावी लागली. माझ्या बीएमएसवर आधीपासून ठेवलेला आकडा ३.० व्होल्ट होता. सपाटीवर सेलांमधील मिलिव्होल्टचे फरक भरलेल्या पातळीचे नसून बहुधा रोधाचे असतात, आणि तेथे बॅलन्सर चालू ठेवला तर तो जुळलेले सेलही बिघडवतो. आता सोलर चार्जर ५५.२ व्होल्टला, म्हणजे सेलमागे ३.४५ व्होल्टला थांबतो आणि त्या क्षणी सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या सेलमध्ये १८ ते २२ मिलिव्होल्टचे अंतर असते. जादा चार्ज नुसता उष्णतेत घालवणारा साधा पॅसिव्ह बॅलन्सर असता, तर शंभर-सव्वाशे मिलिअँपिअरने हेच काम करायला त्याला अनेक पट वेळ लागला असता.

आठ किंवा त्याहून अधिक मोठे सेल घेणाऱ्याने, विशेषतः विक्रेत्याच्या कागदाखेरीज दुसरा पुरावा हाती नसताना, ए४०एल जरूर घ्यावा. चारच सेल असतील तर कोणाकडून तरी आठवडाभर मागून आणावा. बारा किंवा अठ्ठेचाळीस व्होल्टची तयार बॅटरी तपासण्यासाठी त्याचा काहीही उपयोग नाही, हे खरेदीपूर्वी नीट ध्यानात घ्यावे. माझा टेस्टर सध्या हर्णैला एका मित्राच्या आठ सेलांवर चालू आहे. सोबत माझे लग, पॉलिश पेपर आणि भिंतीवरचे ते वेळापत्रकही त्याने नेले आहे.