माडीवरचा भाडेकरू: 'द लॉजर' आधी वाचावं की आधी बघावं?

घरात पैसा उरलेला नाही. नवरा-बायको दोघांनी उभं आयुष्य मोठ्या घरांत नोकरी केली, साठवलेलं सगळं लंडनमधल्या एका भाड्याच्या घरात घातलं, वरच्या खोल्या भाड्याने दिल्या की पोट चालेल या हिशेबाने. खिडकीत पाटी लावून झाली, पण कोणी फिरकत नाही. आणि एका धुक्याच्या संध्याकाळी दार वाजतं. उंच, सडपातळ, सभ्य बोलणारा माणूस. हातात एक चामडी बॅग, बाकी सामान नाही. खोल्या पसंत आहेत म्हणतो आणि आगाऊ भाडं सोन्याच्या नाण्यांत मोजून देतो. त्याच दिवसांत शहरात कोणीतरी बायकांचे खून पाडत सुटलं आहे.

मेरी बेलक लाउंड्स या इंग्रज लेखिकेची ही गोष्ट १९११ साली एका मासिकात कथा म्हणून आली आणि १९१३ मध्ये कादंबरी झाली. मागे सावली आहे ती १८८८ च्या लंडनमधल्या व्हाइटचॅपल भागातल्या खऱ्या खुनांची, म्हणजे 'जॅक द रिपर' नावाने ओळखल्या जाणाऱ्या खुन्याची. पुढे यावर पाच चित्रपट निघाले. त्यामुळे सायकॉलॉजिकल थ्रिलर आवडणारं कोणी विचारतं की सुरुवात कुठून करू, तेव्हा एका वाक्यात उत्तर देता येत नाही. खरी निवड तिघांतून करायची आहे: कादंबरी, दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा १९२७ चा मूकपट आणि जॉन ब्राम यांचा १९४४ चा हॉलिवूडपट.

माझा कल आधीच सांगते. या गोष्टीतलं खरं पात्र भाडेकरू नाही, घरमालकीण आहे. तिला संशय येतो आणि ती गप्प बसते. का गप्प बसते, हे ज्या रूपात सगळ्यात नीट कळतं ते माझ्या लेखी सगळ्यात मोठं. म्हणून वेळ असेल तर आधी कादंबरी.

कादंबरीतली मिसेस एलन बंटिंग कडक आहे, नीटनेटकी आहे, शब्द तोलून वापरणारी आहे. तिला भीती आहे ती आधी उपाशी राहण्याची. पहिल्याच पानांत हे इतकं बारकाईने येतं की पोटात खड्डा पडतो: नवऱ्याने तंबाखू सोडली आहे, पेपर बंद केला आहे, आणि तरी खुनाची बातमी ओरडत पोरं रस्त्यावरून जातात तेव्हा त्याला राहवत नाही, तो मोजक्या नाण्यांतून पेपर विकत घेतो. मग मिस्टर स्लूथ येतात. (इंग्रजीत स्लूथ म्हणजे वासावरून माग काढणारा कुत्रा. नावाचं स्पेलिंग सांगताना ते स्वतःच शिकारी कुत्र्याची आठवण करून देतात.) खोलीत लावलेल्या बायकांच्या तसबिरी ते भिंतीकडे तोंड करून फिरवून ठेवतात. दिवसभर बायबल वाचतात. रात्री उशिरा, रबरी तळव्यांचे बूट घालून, आवाज न करता बाहेर पडतात.

एक प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. एलन खोली आवरते आहे. ती चामडी बॅग कुठे दिसत नाही, तेव्हा कुलूपबंद कपाटात असणार. कपाट जरासं हलवते, आणि खालून गडद लाल द्रव ओघळत जमिनीवर येतो. क्षणभर तिच्या छातीत धस्स होतं. मग ती स्वतःला समजावते की ही तर लाल शाई. शाई आहे की नाही, हे इथे महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं आहे ते तिने लगेच फडकं शोधणं. डाग जायला हवा, भाडेकरूला कळता कामा नये की आपण कपाटाला हात लावला. संशयितापुढे तीच अपराध्यासारखी वागते आहे. लेखिकेने हे इतक्या साधेपणाने लिहिलं आहे की अंगावर काटा आल्याचं दोन पानं पुढे गेल्यावर कळतं.

आणखी एक गोष्ट चित्रपटांत नीट उतरलेली नाही. नवऱ्यालाही संशय येतो. एका रात्री रस्त्यात भाडेकरू भेटतो, त्याच्या कोटाला हात लागतो आणि हाताला रक्त. पण तोही बायकोला सांगत नाही. एकाच पलंगावर दोघं, दोघांनाही तेच माहीत, दोघंही एकमेकांपासून लपवताहेत. शिवाय त्यांच्याकडे चहाला येणारा जो चँडलर नावाचा तरुण पोलिस खात्यातला. नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी डेझी त्याला आवडते. घरात पोलिस, माडीवर संशयित, आणि मध्ये जिन्यावर ही बाई ट्रे घेऊन उभी.

मला हे जवळचं वाटतं त्याला कारण आहे. पुण्यात माझ्या आजोळी वाड्याच्या माडीवर कायम कोणी ना कोणी बिऱ्हाडकरू असायचं. लाकडी तक्तपोशी, त्यामुळे वरचं पाऊल न् पाऊल खाली ऐकू यायचं. मामी भाकरी थापता थापता वर न बघता सांगायची, आता खुर्ची सरकवली, आता खिडकीशी गेले, आता निजले. कोणाशी भांडण नव्हतं, कसला संशय नव्हता. तरी घर आपलं आणि त्यातला एक भाग परक्याचा, ही जाणीव तिच्या कानात होती. एलन बंटिंग पहाटे डोळे उघडे ठेवून जिन्यावरची चाहूल घेते तेव्हा मला मामीचा कान आठवतो.

हिचकॉकने नेमका हाच आवाज मूकपटात दाखवला, आणि म्हणून त्याच्या चित्रपटाला कमी लेखता येत नाही. आवाजाची सोय नाही, तर वरच्या खोलीतल्या येरझाऱ्या खालच्या माणसांना ऐकू येतात हे दाखवायचं कसं? त्याने जाड काचेची जमीन बनवून घेतली. खाली बसलेल्यांच्या नजरेतून वर बघताना छतच पारदर्शक होतं, भाडेकरूचे तळवे इकडून तिकडे जाताना दिसतात, झुंबर हलतं. वाड्यात वाढलेल्या माणसाला हे दृश्य समजावून सांगावं लागत नाही. दुसरं दृश्य जिन्याचं. कॅमेरा थेट वरून खाली बघतो, कठड्यावरून सरकत जाणारा फक्त एक हात दिसतो, माणूस नाही. आणि अंथरुणात उठून बसलेली घरमालकीण.

तरीही कादंबरी आणि हा चित्रपट यांत मोठा फरक आहे. चित्रपटातले बंटिंग उपासमारीच्या कडेवर नाहीत. घर बरं आहे, डेझी कपड्यांच्या दुकानात मॉडेलचं काम करते, आणि कथेचा तोल डेझी, पोलिस जो आणि भाडेकरू या त्रिकोणाकडे झुकतो. खुनी इथे दर मंगळवारी सोनेरी केसांच्या मुली मारतो, आणि डेझीचे केस सोनेरी. म्हणजे प्रश्न बदलला. कादंबरी विचारते, ही बाई किती दिवस गप्प राहील? चित्रपट विचारतो, हाच तो आहे का? दुसरा प्रश्न जास्त उत्कंठेचा आहे, पहिला जास्त खोल आहे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही हिचकॉकच्या हातात पूर्णपणे राहिलं नाही. भाडेकरूच्या भूमिकेतला आयव्हर नोव्हेलो हा त्या काळचा लाडका नट, त्याच्या प्रतिमेला धक्का लागू नये ही निर्मात्यांची काळजी, आणि शेवट त्यातून ठरला. इथे त्याहून जास्त सांगणं बघणाऱ्यावर अन्याय होईल. चित्रपट तयार झाल्यावर वितरकाला तो पसंतही पडला नव्हता. आयव्हर माँटेग्यू यांनी संकलनात हात फिरवला, मधल्या मजकुराच्या पाट्या बऱ्याच कमी केल्या, तेव्हा तो लोकांपुढे आला आणि गाजला. आज दिग्दर्शकाचा ठसा ज्यात पहिल्यांदा उमटला असा चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतात. वर्तमानपत्राच्या कचेरीत पाठमोरा बसलेला हिचकॉकही त्यात क्षणभर दिसतो.

१९४४ चा चित्रपट वेगळ्या चवीचा. यात आडपडदा नाही: खुनी जॅक द रिपरच आहे, काळ व्हिक्टोरियन आहे, आणि भाडेकरूबद्दल शंका राहावी अशी फारशी धडपडही नाही. लेअर्ड क्रेगर हा धिप्पाड नट ही भूमिका करतो, आणि त्याचे डोळे व मृदू आवाज यांवरच सगळा चित्रपट उभा आहे. भीतीबरोबर त्याची दयाही येते, हे त्याचं मोठेपण. हे त्याच्या शेवटच्या कामांपैकी एक. नायकाच्या भूमिका मिळाव्यात म्हणून त्याने अघोरी वेगाने वजन उतरवलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, ३१ व्या वर्षी, तो गेला. हे माहीत असल्यावर पडद्यावर त्याच्याकडे बघणं जड जातं.

आपल्याकडच्या प्रेक्षकासाठी या चित्रपटात आणखी एक धागा आहे. भाडेकरूची नजर जिच्यावर जाते ती नाटकगृहातली गायिका किटी म्हणजे मर्ल ओबेरॉन. ती मुंबईत जन्मली, कोलकात्यात वाढली, आणि हॉलिवूडमध्ये टिकण्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात जन्मल्याचं आयुष्यभर सांगत राहिली. खरी ओळख लपवून परक्या घरात राहणारा माणूस हाच विषय असलेल्या चित्रपटात ती आहे, हे मला दर वेळी टोचतं. घरमालकीण मात्र इथे मागे सरकते. घर सुखवस्तू आहे, भाडेकरू ठेवण्याची तशी निकड नाही, आणि निकड गेली की गप्प बसण्यातली वेदनाही जाते.

उरलेल्या तिघांबद्दल थोडक्यात. १९३२ मध्ये नोव्हेलोनेच बोलपटात ही भूमिका पुन्हा केली. तो अभ्यासापुरता ठीक. १९५३ चा जॅक पॅलन्सचा चित्रपट १९४४ च्याच वाटेने जातो. २००९ मध्ये गोष्ट लॉस एंजलिसला हलवली, तिथे धुकं आणि भाड्याची चणचण दोन्ही हरवली. हे तिन्ही राहिले तरी चालेल.

आता निवड. पात्रांच्या मनात शिरायला आवडत असेल, संथ लय चालत असेल, तर कादंबरी. लेखिका १९४७ मध्ये वारली, त्यामुळे पुस्तक आपल्याकडे केव्हाच स्वामित्वहक्कमुक्त झालं आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीची असली तरी सोपी आहे, कारण बोलणारी माणसं साधी आहेत. जुन्या काळ्या-पांढऱ्या हॉलिवूडची सवय असेल आणि एका बैठकीत, संवादांसकट, भरपूर सावल्यांचा भयपट हवा असेल, तर १९४४ चा. तो दीड तासाच्या आतच संपतो. मूकपट कधीच पाहिला नसेल तर मात्र हिचकॉकला घाबरू नका. पाट्या इतक्या कमी आहेत की वाचण्याचा ताण येत नाही.

तो बघताना आवृत्ती नीट निवडा. इंटरनेटवर झिजलेल्या, अंधुक प्रती पुष्कळ फिरतात आणि त्यांवर कुठलंही संगीत चिकटवलेलं असतं. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१२ मध्ये दुरुस्त करून आणलेली प्रत शोधा. तिच्यात मूळची रंगछटा परत दिली आहे, आणि संगीत भारतीय वंशाच्या नितीन साहनी यांचं आहे. दोन-तीन ठिकाणी गाणी येतात ती काहींना खटकतात, मलाही पहिल्यांदा खटकली. पण काचेच्या जमिनीचं दृश्य त्या स्वच्छ प्रतीत बघितल्याशिवाय झुंबर किती हलतं हे कळत नाही.